कुसळाचं टोक

सोमवारी दवाखाना बंद असायचा, आणि सोमवार तिच्या अंगावर यायचा. बाकीचे सहा दिवस भुंकण्यात, इंजेक्शनांत आणि कपड्यांवरचे केस झटकण्यात कुठे निघून जायचे ते कळायचं नाही. पण सोमवारी कपडे धुऊन झाले, दवाखान्यावरच्या दोन खोल्या झाडून झाल्या, आईचा फोन येऊन गेला, तरी घड्याळात जेमतेम साडेदहा झालेले असायचे. "दिवसभर इतकी माणसं भेटतात तुला, त्यात एकही बरा नाही?" आई विचारायची. "माणसं कुठे भेटतात, आई? माणसांची कुत्री भेटतात," ती म्हणायची, आणि दोघी हसायच्या. फोन ठेवला की मग खोली जास्तच गप्प वाटायची.

आठ महिन्यांपूर्वी म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांचा हा दवाखाना तिने चालवायला घेतला. ठरलेलं लग्न मोडल्यावर तिला लांब कुठेतरी जायचं होतं, ती आली. लांब आल्यावर संध्याकाळी कुणाशी बोलायचं, याचा विचार मात्र तिने केला नव्हता.

त्या सोमवारी ती दवाखान्याच्या पायरीवर ओले केस सोडून उन्हात बसली होती. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक माणूस आला. त्याने एक भलामोठा तपकिरी कुत्रा दोन्ही हातांवर उचलून आणला होता, आणि कुत्रा असा आरामात बसला होता की जणू वरात निघाली होती.

"आज बंद आहे," ती म्हणाली.

"पाटी वाचली मी," तो धापा टाकत म्हणाला. "पण याला वाचता येत नाही ना... काल संध्याकाळपासून पाय टेकत नाहीये."

ती उठली. कुत्र्याचं नाव मोजा. अंगभर तपकिरी आणि पुढचा उजवा पंजा तेवढा पांढरा, म्हणून मोजा. नेमका तोच पंजा सुजला होता. दोन बोटांच्या मधे लालभडक गाठ, आणि गाठीवर टाचणीच्या डोक्याएवढं ओलं भोक.

"गवतात फिरवता?"

"रोज. मागच्या माळावर. आता वाळलंय सगळं."

"मग कुसळ शिरलंय," ती म्हणाली. "त्याला उलटे काटे असतात. एकदा कातडीत घुसलं की मागे येत नाही, पुढेच जात राहतं. काढायला लागेल."

एरवी अशा वेळी मावशी हाताशी असायच्या. मावशी म्हणजे या दवाखान्यातलं सगळंच. केसपेपर लिहिणाऱ्या, कुत्री धरणाऱ्या आणि डॉक्टरांना दटावणाऱ्या. म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना एक शिस्त लावून दिली होती. कुसळ निघालं की आधी भिंगाखाली धरायचं, टोक शाबूत आहे का बघायचं, आणि मगच ते पारदर्शक पट्टीने केसपेपरवर चिकटवायचं. टोक तुटलेलं दिसलं तर पुन्हा आत शोधायचं. पण आज मावशी घरी होत्या. तिने गुंगीचं इंजेक्शन दिलं, पंजा बधिर केला, आणि मालकालाच डोकं धरायला उभं केलं.

तो कुत्र्याच्या कानाशी वाकला. "झालं हं, झालं... डॉक्टर चांगल्या आहेत. रागीट दिसतात, पण चांगल्या आहेत."

"रागीट?"

"मी त्याला सांगत होतो. तुम्ही ऐकू नका."

तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून जरा अवघडतच आलं. लांब चिमटा भोकातून आत सरकवताना तिने ते आवरलं. चिमट्याला काहीतरी लागलं, तिने हळूच ओढलं, आणि गवती रंगाचं, रक्ताने माखलेलं कुसळ बाहेर आलं. तिने ते गॉजवर ठेवलं. त्याने सुटकेचा श्वास टाकून वर पाहिलं, तर त्याचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला, आणि दोन्ही हात कुत्र्यात अडकलेले.

"चष्म्याचं दुकान आहे माझं," तो ओशाळून म्हणाला. "स्वतःच्या चष्म्याचा स्क्रू आवळायला तेवढी सवड होत नाही."

तिने हातमोज्याच्या मनगटाने त्याचा चष्मा अलगद वर सरकवला. काचांमागून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. तपकिरी, थकलेले, आणि... आणि किती वेळ झाला कोण जाणे. मग तिने पंजा सलाइनने धुतला, पट्टी बांधली, कुसळ केसपेपरला चिकटवलं. भिंग टेबलाच्या खणात होतं आणि खणातच राहिलं.

"एक दिवसाआड ड्रेसिंग," ती म्हणाली. "गोळ्या दहा दिवस. गळ्यातला हा प्लास्टिकचा कर्णा अजिबात काढायचा नाही, नाहीतर चाटेल. आणि फिरायला साखळीनेच."

"एक दिवसाआड," तो म्हणाला, आणि ही शिक्षा त्याला फारशी जड गेलेली दिसली नाही.

तो दुपारी दीडला यायचा, दुकान जेवणासाठी बंद करून. पट्टीला दहा मिनिटं लागायची आणि तो पाऊण तास थांबायचा. मोजा त्याच्या वडिलांचा कुत्रा होता. वडील गेल्याला वर्ष झालं होतं. "घरात आता आम्ही दोघंच," तो एकदा म्हणाला. "त्यातला बोलका तो."

"तुम्ही पण काही कमी बोलत नाही."

"इथे बोलतो. दुकानात माझं एकच वाक्य असतं. ही काच बरी की ती बरी?"

"मग? लोक काय म्हणतात?"

"बहुतेक जण म्हणतात, पुन्हा एकदा दाखवा." त्याने पट्टीकडे बोट केलं. "डॉक्टर, ती पट्टी जरा सैल वाटते. पुन्हा एकदा बांधता?"

पट्टी सैल नव्हती. तिने पुन्हा बांधली.

"पट्टी कुत्र्याची आणि वेणी डॉक्टरबाईंची," तो गेल्यावर मावशी केसपेपर लावता लावता म्हणाल्या. "दोन्ही एक दिवसाआड बदलतात."

"मावशी, कामं नाहीत का?"

"हेच चाललंय की."

दहाव्या दिवशी जखम भरली. तिने कर्णा काढला, केसपेपरवर 'बरा' असं लिहिलं, फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या रोज तपासायला सांगितल्या, तिथले केस कापून ठेवायला सांगितले. सांगण्यासारखं सगळं सांगून झालं. तो दारात दोनदा थांबला. "मग... येतो," म्हणाला, आणि गेला. कुत्रा बरा झाला याचा तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पुरला नाही.

पुढचे आठ दिवस लांबच लांब गेले. दुपारी दीड वाजला की तिचे कान दाराकडे जायचे. एकदा भाजी आणायच्या निमित्ताने ती त्याच्या दुकानासमोरून गेली, समोरच्या फुटपाथवरून. आत तो एका आजींना अक्षरं वाचून दाखवायला सांगत होता, कमरेत वाकून, न कंटाळता. रस्ता ओलांडायला तिला काहीच हरकत नव्हती. पण आत जाऊन काय सांगायचं? तिने नुसतंच जावं आणि त्याने "हं, बोला डॉक्टर," म्हणावं, या कल्पनेनेच तिचा धीर सुटला. ती भाजी न घेता घरी आली, आणि रात्री ब्रेड खाऊन झोपली.

नवव्या दिवशी दुपारी तो आला. मोजा तीन पायांवर चालत होता.

या खेपेला सूज पंजात नव्हती, मनगटाच्या वर होती. अंगात ताप होता. चष्म्यामागचा त्याचा चेहरा पार उतरला होता.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "मधल्या रविवारी मी तासभर कर्णा काढला होता, डॉक्टर. दारांना आपटत होता बिचारा, बघवेना. त्याने पाय चाटला. तुम्हाला सांगायची लाज वाटली... आता हा पण गेला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"बघू आपण," ती एवढंच म्हणाली. "बसा बाहेर."

तिने सोनोग्राफी केली. स्नायूंच्या मधे पूची छोटी पोकळी होती, आणि पोकळीत तांदळाच्या कणीएवढं काहीतरी. चाटल्याने असलं काही होत नाही. तिने जुना केसपेपर काढला, खणातून भिंग काढलं. चिकटपट्टीखालचं कुसळ एका बाजूला सरळ मोडलेलं होतं. अठरा दिवस ते तिथे चिकटून होतं, आणि तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

मावशींनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. त्यांनाही कळलं.

"तो आपणहून म्हणतोय कर्णा काढला म्हणून," मावशी हळूच म्हणाल्या. "आपण काही खोटं बोलायला नको. नुसतं गप्प राहिलं तरी..."

गप्प राहणं तिला येत होतं. आठ महिने तिने दुसरं काय केलं होतं? गप्प राहिलं तर ऑपरेशन होईल, कुत्रा बरा होईल, पुन्हा एक दिवसाआड दीड वाजेल. सांगितलं तर तो मोजाला उचलून दुसऱ्या दवाखान्यात नेईल, आणि त्याचं चुकणार नाही. या गावात ज्याची वाट बघावी असं एकच माणूस होतं. त्याला गमावायची तिला भीती वाटली. पण तो बाहेर बाकावर कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन स्वतःला दोष देत बसला होता, आणि ते तिला सहन होईना.

ती केसपेपर घेऊन बाहेर आली.

"तुमच्यामुळे नाही झालं," ती म्हणाली. "माझ्यामुळे झालं. कुसळ निघालं तेव्हा त्याचं टोक तुटून आत राहिलं होतं. तेच वर सरकलंय. काढल्यावर भिंगाखाली बघायचं असतं. मी बघितलं नाही."

त्याने वर पाहिलं. "का?"

तिथे 'घाई झाली' म्हणता आलं असतं. सुट्टीचा दिवस, मदतीला कुणी नाही, कारणं हवी तेवढी होती.

"कारण मी कुसळाकडे बघत नव्हते," ती म्हणाली. "तुमच्याकडे बघत होते."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. मोजाने उसासा टाकला.

"दुसरीकडे न्यायचं असेल तर मी चिठ्ठी देते. तिथले डॉक्टर चांगले आहेत. पण आजच करायला हवं."

"तुम्हाला काढता येईल?"

"येईल."

"मग तुम्हीच काढा," तो म्हणाला, आणि मान खाली घालून कुत्र्याचे कान कुरवाळत बसला.

ऑपरेशनला पाऊण तास लागला. मावशींनी दिवा धरला आणि चक्क तोंड मिटून धरला. पोकळी सापडली, पू निघाला, धुऊन धुऊन शेवटी चिमट्याच्या टोकाशी ती कणी आली. तिने ती भिंगाखाली धरली. मग केसपेपरवरचा तुकडा सोडवून शेजारी ठेवला. दोन्ही कडा एकमेकींना बरोबर जुळल्या. आत काही राहिलं नव्हतं. मावशींनी बघितलं, पुन्हा बघितलं, मान हलवली. टाके घालताना तिचे हात अजिबात हलले नाहीत. मग तिने हात नळाखाली धरले.

आपण काय बोलून बसलो, हे तिला आत्ता नीट कळत होतं. चूक कबूल केली ते ठीकच. पण ते दुसरं? ज्याचा कुत्रा टेबलावर आहे अशा माणसाला कोणी असं सांगतं? तो आता नम्रपणे आभार मानेल, टाके काढायला एकदा येईल आणि मग फुटपाथ बदलेल. तिने हात पुसले, पुन्हा पुसले, आणि बाहेर गेली.

"निघालं," ती म्हणाली. "पूर्ण. या वेळी दोघींनी बघितलंय. अर्ध्या तासात शुद्धीवर येईल. दोन आठवडे विश्रांती, टाके बाराव्या दिवशी."

त्याने डोळे मिटले, चष्मा काढून हातात घेतला. तिला वाटलं तो रडतोय. थोडा रडतच होता. ती जायला वळली.

"थांबा ना, डॉक्टर... मला पण काहीतरी सांगायचंय."

ती थांबली.

"त्या दिवशी ते गॉजवर ठेवलंत ना, ते माझ्या नाकासमोरच होतं. दिवसभर काचांच्या कडा बघतो मी. टोक बोथट आहे हे मला तेव्हाच दिसलं होतं. मनात आलं, विचारावं... हे असंच असतं का?"

"मग विचारलं का नाहीत?"

तो चष्मा पुसत राहिला, काचा स्वच्छ असूनही.

"तुम्ही माझ्याकडे बघत होतात," तो म्हणाला. "विचारलं असतं तर तुम्ही कुसळाकडे बघितलं असतं."

ती बाकावर बसली. दोघांच्या मधे हातभर जागा होती. या हातभर जागेपायी एक बिचारा कुत्रा दुसऱ्यांदा टेबलावर चढला, हे आठवून तिला वाईटही वाटलं आणि हसूही आलं, आणि मग डोळ्यांत पाणीच आलं.

"आपण दोघं फार वाईट माणसं आहोत," ती म्हणाली.

"फार," तो म्हणाला. "मोजाला कळलं तर तोंड बघणार नाही आपलं."

"आपण कुणी सांगायचं नाही त्याला."

"नाही." तो जरा थांबला. "डॉक्टर, दोन आठवड्यांनी हा बरा होईल... त्यानंतर मी येऊ का? म्हणजे... याला काही झालेलं नसताना?"

"या," ती म्हणाली. "सोमवारी या. सोमवारी मला करमत नाही."

आतून मावशींनी हाक मारली. कुत्र्याने डोळे उघडलेत, शेपटी हलवतोय, आणि माणसं कुठे बसलीत? ती दोघं उठली, पण लगेच आत गेली नाहीत. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. तिनेही या वेळी नजर काढून घेतली नाही.