अर्डेल गोइन्सच्या गाडीची बैठक

कॉय ॲबशरच्या शर्यतीच्या गाड्या जिथे बांधल्या जात, ते मुळात त्याच्या बापाचं कोंबड्यांचं खुराडं होतं. लांबलचक, पत्र्याचं, आणि कितीही धुतलं तरी दमट हवेत आपली जुनी ओळख सांगणारं. व्हर्जिनियाच्या त्या डोंगरांत कॉय आठवडाभर लाकडाच्या गिरणीत राबायचा आणि रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर, कूपर्स गॅपच्या तांबड्या मातीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी स्वतः हाकायचा. थोरला भाऊ होबर्ट वेल्डिंग करी. बायको नेटी टायर बघे, पेट्रोल बघे, कोंबडी तळून आणी आणि पंचांशी भांडे. दहा उन्हाळे हा तिघांचा संघ असाच चालला होता.

त्या दहा उन्हाळ्यांत कॉयने मुद्दाम कोणाच्या गाडीला गाडी लावली नव्हती. बाकीचे ठोकत, ढकलत, एकमेकांना कुंपणावर घासत पुढे जात. कॉय वाट बघे. त्यामुळे तो बहुधा सातवा-आठवा येई, आणि त्याच्या मागे-पुढे नेटीचा धाकटा भाऊ डॉयल. रविवारी रात्री डॉयल जेवायला यायचा तो ठरलेलाच, आणि ताट पुसून खाताना दोघं एकमेकांच्या चुका काढत बसायचे. भोंग्यावर बोलणारा टिलमन कॉयची टर उडवी. "आले, ॲबशर पाहुणे आले. कोपऱ्यात बसतील, जेवतील आणि कोणाला त्रास न देता घरी जातील." लोक हसत. कॉयही हसे.

मे महिन्यात कॉयची गाडी उलटली आणि तिचं पुढचं अंग पार चेपलं. त्याच महिन्यात त्याच ट्रॅकवर अर्डेल गोइन्स गेला. त्याची गाडी फिरून कुंपण तोडून पाठीमागून ओकच्या झाडावर आदळली. मागचा भाग चुरा झाला, अर्डेलची मान मोडली, गाडीचा पुढचा भाग मात्र जसाच्या तसा.

अशा वेळी काय करायचं ते त्या डोंगरांत सगळ्यांना ठाऊक होतं. एका मोडक्या गाडीचं चांगलं अंग, दुसरीचं चांगलं अंग, मध्ये वेल्डिंगची शिवण, की झाली गाडी. फक्त मेलेल्या माणसाच्या गाडीला एक नियम होता. नाक घ्यावं, बैठक सोडावी. नाक म्हणजे इंजिनाचा भाग, चालकासमोरच्या पत्र्यापर्यंत. बैठक म्हणजे माणूस बसतो तो नळ्यांचा पिंजरा. तो चेचून खाणीच्या जुन्या खड्ड्यात टाकून द्यायचा. का, ते कोणी सांगत नसे.

होबर्टने मात्र अर्डेलच्या गाडीवर करवत चालवली ती खुर्चीच्या मागून.

"असा पिंजरा मी बापजन्मात बघितला नाही," तो म्हणाला. "नळी न् नळी सुतात आहे. हा फेकून नवा बांधू? तुझ्या सासऱ्याची लोखंडाची खाण आहे का?"

"अर्डेल मेला त्यात."

"अर्डेल झाडाने मेला. खुर्ची बदलतो, रंग बदलतो. झालं? आणि नेटीला बोलू नकोस, ती बायबल उघडून बसेल."

कॉयने करवतीखालचा पत्रा धरला. होबर्टपुढे तो लहानपणापासून गप्पच बसत आला होता.

गाडी तयार झाली तेव्हा कॉय पहिल्यांदा आत बसला. खुर्ची नवी होती, स्टिअरिंग नवं होतं. तरी दार लावल्याबरोबर त्याच्या तोंडात लोखंडाची चव आली, खिळा जिभेवर धरल्यासारखी. बाहेर आला, थुंकला. चव गेली.

पहिल्या शर्यतीत तो दुसरा आला. नेटीने आनंदाने त्याची टोपी उडवली. कॉय मात्र गाडीच्या उजव्या अंगाकडे बघत राहिला. पत्रा आत गेला होता आणि त्यावर निळा रंग घासलेला होता.

"हे कधी झालं?"

"कधी झालं म्हणजे?" होबर्ट हसला. "रूफस टीलला कुंपणात गाडलास की. बरोबर केलंस. दहा वर्षं त्याने तुला धूळ चारली."

कॉयला आठवत होती ती तोंडातली चव, आणि मग शेवटचा झेंडा. मधलं काही नाही. त्याने ते उन्हावर ढकललं.

पुढच्या शर्यतीत तो जिंकला. यावेळी झेंडाही आठवेना. भान आलं तेव्हा तो गाड्यांच्या अड्ड्यात उभा होता, हातात जॅकचा दांडा होता आणि दांड्याच्या टोकाला केस चिकटले होते. समोर शर्यतीतलाच लोनी कीसी गुडघ्यावर बसून कानावर फडकं दाबत होता. फडक्यातून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं.

"याला कोणी मारलं?" कॉयने विचारलं.

 मग मागे कोणीतरी खदखदून हसलं, आणि मग सगळेच हसले. त्यांना वाटलं, काय बेरकी विनोद केला. टिलमन भोंग्यावर ओरडत होता, "पाहुण्यांनी यजमानाचं घर पेटवलं हो." नेटी तेवढी हसली नाही. तिने त्याच्या हातातून दांडा काढून घेतला, गवतावर पुसला आणि ट्रकमध्ये ठेवला. घरी जाताना ती वाटभर खिडकीबाहेर बघत होती.

जुलैत रूफस टीलचा पाय गेला. त्याची गाडी वळणावर बंद पडून आडवी उभी होती. कॉयची गाडी तिच्या दारावर गेली, मागे आली, पुन्हा गेली. तीन वेळा, असं लोक सांगत. तिसऱ्या वेळी टीलची किंकाळी थांबली. डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. पंचांनी कॉयला दोन रविवार बसवलं, आणि तिसऱ्या रविवारी तो उतरणार म्हणून आजूबाजूच्या तालुक्यांतून माणसं ट्रक भरभरून आली. पोरं कुंपणावर त्याचं नाव घेत होती. त्याने पुन्हा शर्यत मारली. ट्रॅकवरून दोन माणसं झोळीतून गेली.

टीलच्या घरी कॉय भेटायला गेला होता. टीलच्या आईने दार उघडलं, त्याच्या तोंडावर थुंकली आणि दार लावलं. त्याने पुसलंसुद्धा नाही. थुंकी वाळेपर्यंत तो पायरीवर उभा होता.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी अर्डेलची विधवा ओमा आली; लग्न झालेल्या बाईलाही त्या भागात मानाने मिसच म्हणत. होबर्ट गावात गेला होता. ती खुराड्याच्या दारातच थांबली, उंबऱ्याच्या आत आली नाही.

"या ना मिस ओमा, बसा."

"नको. नुसतं नाक घेतलंत, की बैठकीसकट?"

कॉयने मान खाली घातली. "बैठकीसकट."

"वाटलंच मला. अर्डेलनेही तसंच आणलं होतं."

"अर्डेलने? हा पिंजरा त्याने बांधलेला नाही?"

"त्याला साधी खिळ्याला हातोडी मारता येत नव्हती रे. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका भंगारवाल्याकडून आणला. भंगारवाल्याला तो कोणी दिला, ते त्यालाही सांगता आलं नाही. फार सरळ आहे, म्हणत होता, टाकवत नाही."

 अर्डेल चर्चमध्ये बाजा वाजवायचा. आवाज चढवून बोललेला कोणी ऐकला नव्हता.

मिस ओमाने उजव्या हाताची बाही वर केली. तळव्यापासून मनगटापर्यंत कातडी आवळून चकचकीत झाली होती.

"एप्रिलमध्ये त्याने माझा हात चुलीवर धरला," ती शांतपणे म्हणाली. "मी ओरडून ओरडून दमले. सोडला, आणि मग मला विचारतो, 'ओमा, अगं, हे कसं गं भाजलं?' आणि रडायला लागला. त्याने स्वतः पट्टी बांधली." तिने बाही खाली केली. "तो मेला तेव्हा मला बरं वाटलं. मोडून टाक ते."

ती गेली. कॉयने लोखंड कापायची गॅसची बत्ती पेटवली आणि पिंजऱ्याजवळ गेला. तेवढ्यात होबर्ट आला.

"वेड लागलं का तुला? अरे, एक शर्यत राहिली. एक. जिंकलास तर वर्षाचा चषक आपला. कोंबड्यांच्या खुराड्यात. बाप असता तर नाचला असता." त्याने बत्ती विझवली. "सोमवारी काप. मी स्वतः धरतो."

कॉयने ओमाचं बोलणं त्याला सांगितलं नाही. नेटीलाही नाही. काय सांगणार होता? की गाडी मी हाकत नाही? खरं म्हणजे पिंजरा न कापण्याला आणखी एक कारण होतं, आणि ते तर त्याला स्वतःलाही सांगवत नव्हतं. शुक्रवार आला की त्याच्या हातांना खाज सुटायची, आणि ती खाज गोड होती.

शनिवारी रात्री नेटीने भांडी घासता घासता विचारलं, "उद्या डॉयलही आहे. ठाऊक आहे ना?"

"आहे."

"आईला मी शब्द दिला होता, याला सांभाळीन म्हणून." ती वळली नाही. "तू डॉयलला काही करणार नाहीस ना, कॉय?"

"मी? डॉयलला?"

"मी तुलाच विचारतेय."

"त्याच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही," कॉय म्हणाला. "शप्पथ."

रविवारी त्याच्या गाडीच्या बॉनेटवर कोणीतरी भुईमुगाची टरफलं फेकून ठेवली होती. अड्ड्यात शेंगा सोलणं म्हणजे मरण बोलावणं. पोरंसुद्धा ते करत नसत. नेटीने टरफलं एकेक करून उचलली. डॉयल हेल्मेट काखेत घेऊन आला.

"काय रे, आज मला तरी जेवायला ठेवशील ना शिल्लक? बटाट्याची कोशिंबीर केलीय म्हणे ताईने."

"डॉयल, माझ्या पुढे राहू नकोस. मागेच रहा."

"दहा वर्षांत कधी पुढे राहिलोय?" डॉयल हसत गेला.

कॉय आत बसला. दार लागलं. चव आली.

त्याने ठरवलं होतं, भान सोडायचं नाही. ओठ चावून धरला. रक्त आलं, पण भान टिकलं. सगळ्यात शेवटी राहिला, संथ चालवत. अर्धी शर्यत अशी गेली. लोक शिट्ट्या मारू लागले.

मग पाय आपोआप खाली गेला.

एक गाडी कुंपणात गेली. दुसरी उलटली, तिचं छप्पर त्याच्या खिडकीजवळून घासत गेलं, आणि आत उलटा लटकलेला माणूस कॉयने स्पष्ट पाहिला. पाय उचलेना. त्याने दोन्ही हातांनी मांडी धरून ओढली. मांडी दगडाची झाली होती.

पुढे धूळ. धुळीत एक गाडी गिरकी घेऊन आडवी उभी राहिली.

पिवळी. डॉयलची.

दार त्याच्याकडे होतं. खिडकीत डॉयलचा चेहरा. त्याने हात वर केला, पुढे ये म्हणाल्यासारखा. त्याला वाटत होतं, कॉय बाजूने जाईल. कॉय नेहमी बाजूनेच जायचा.

कॉयचे हात स्टिअरिंगवर परतले होते. सरळ. अगदी सरळ.

आणि त्याला ते आवडत होतं.

हात ऐकेनात म्हणून त्याने उजवं कोपर स्टिअरिंगच्या आऱ्यांत खुपसलं आणि सगळं अंग उजवीकडे टाकलं. कोपर मोडल्याचा आवाज इंजिनावरून ऐकू आला. पिवळा रंग डाव्या हाताला निसटला. समोर फाटकाचा काँक्रीटचा खांब आला.

इस्पितळात दोन आठवड्यांनी त्याला सगळं नीट दिसू लागलं. दोन्ही हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होते. जबडा तारेने आवळलेला होता. एका फटीतून नळीने सूप जायचं. बोलता येत नव्हतं. पण नेटी उशाशी बसून त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती, आणि डॉयल जिवंत होता. कॉयला तेवढं पुरे होतं.

दुपारी डॉयल आला. टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"तू माझ्यासाठी खांब घेतलास अंगावर," तो म्हणाला. "ताईला सांगितलं मी, जन्मभर विसरणार नाही."

कॉयने डोळे मिटून उघडले.

"तुझी गाडी पाहिली. नाक गेलं, मागचं गेलं. पण होबर्ट म्हणतो तेच खरं, मधला पिंजरा केसभरसुद्धा वाकलेला नाही. तुला त्यानेच वाचवलं बघ." डॉयलने टोपीची कड चोळली. "होबर्ट तो मोडायला निघाला होता, तुला शब्द दिलाय म्हणून. मी म्हटलं, छे, हे मोडतात का? मला दे. कॉयला वाचवलं, मलाही वाचवेल. तिथेच अंगणात तासभर बसून पाहिलं त्यात. बाहेर ट्रकवर बांधून आणलाय."

कॉयच्या घशातून आवाज निघाला. तारेत अडकला. तो मान डावी-उजवीकडे हलवू लागला, तेव्हा नेटीने दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं.

"हलू नकोस. तार तुटेल. डॉयल, तू जा आता, त्याला भरून आलंय."

"जातो," डॉयल म्हणाला. दारात तो कोपऱ्यातल्या पितळी भांड्यात थुंकला, आणि बाहीने तोंड पुसलं.

त्याची पावलं गेली. नेटीने कॉयच्या डोळ्यांच्या कडा पुसल्या. खाली ट्रक सुरू झाला. मग पत्र्यावर पत्रा आदळल्याचा आवाज आला.

नेटी उठून खिडकीशी गेली.

"डॉयलच आहे," ती म्हणाली. "पुढच्या गाडीला लागला त्याचा ट्रक. आत कोणीतरी म्हातारी आहे वाटतं."

ती काचेच्या आणखी जवळ झाली.

"मागे घेतोय," ती म्हणाली.

पुन्हा तोच आवाज आला.