बाजेची नवार

इंदूबाई डोंगरावर निघाली ती लेकाचं तोंड आणायला.

सदूला जाऊन सहा आठवडे झाले होते. कर्जतच्या एका फोटोवाल्याकडे तो कामाला होता. लग्नं, बारशी, शाळेची पोरं, अर्ध्या तालुक्याची तोंडं त्यानं कागदावर उतरवली. आणि त्याचा स्वतःचा फोटो? एकसुद्धा नाही! मोठी लढाई संपून वर्ष झालं तरी रिळाची मारामार होती. कॅमेऱ्यामागं उभा राहणाऱ्यावर कोण रीळ घालवणार? शेवटी कोथळीगडाच्या बाजूच्या धारेवर त्याच्या सोबत्यानं, गजानं, हट्टानं एक काढला. पुढच्या घटकाभरात कॅमेऱ्याचा चामडी पट्टा तुटला. मालकाची वस्तू म्हणून सदूनं झेप घेतली, आणि कड्यावरून गेला.

बैलगाडीतून कळंबला घरी आला तो डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेला. आईला तोंड बघू दिलं नाही कुणी. मोठमोठ्यानं बोलून पाटलालाही गप्प बसवणारी बाई, पण त्या दिवशी तिचं कुणी ऐकलं नाही.

मग परवा नागू दारात आला. डोंगराखालच्या वाडीतला, मध काढणारा.

"मावशी, ती कॅमेऱ्याची पेटी खाली पडलीच नाय. कड्याच्या पोटात उंबराच्या मुळीला लटकलीय. झाकण बंद हाय, मी बघितलं. म्हंजी आतला फोटू शाबूत असंल."

"मग आणायची," इंदूबाई म्हणाली. जशी काही ओढ्यावर विसरलेली कळशी!

पण आणायची कशी? नागूचे दोन्ही हात दोराला लागणार. कॅमेरा अंगावरच बांधायला हवा. गजानं दुकानातली चामड्याची एक वादी आणली. इंदूबाईनं ती बोटांवर ताणली न् भिरकावली.

"ही बोटभर चिंधी? सदूच्या मानेवर वळ उठायचा हिनं. भार खांद्यावर पसरला पायजे, मांसात रुतला नाय पायजे."

काथ्याचा दोर बघितला. मजबूत, पण काखेत करवतीसारखा फिरेल. मग ती उठली, ओसरीवरची सदूची बाज उलटी केली आणि मधली एक नवार, विणलेली सुती पट्टी, सोडवली. चार बोटं रुंद, आणि त्याच्याच पाठीनं घासून घासून मऊ झालेली. दुहेरी घेतली, मेणाच्या दोऱ्यानं तीन तीन टाके मारले आणि त्यात वरवंटा बांधून दिवसभर अंगावर वागवला. शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या.

"इंदूबाय, वरवंट्याचं बारसं कवा?"

"तुमच्या जिभेला टाका घालीन, तवा!" इंदूबाई म्हणाली, आणि आणखी एक टाका मारला.

उजाडता उजाडता तिघं निघाली. पुढे कोयता घेऊन नागू, मधे दोराचं वेटोळं वाहणारा गजा, मागे काष्टा घट्ट खोचलेली पंचावन्न वर्षांची इंदूबाई. पौषातली वाळलेली कारवी अंगावर खरखरत होती. पुढे मुरमाड घसरण लागली. एक पाऊल वर, दीड पाऊल खाली! एकदा तिचा पाय निसटला तेव्हा गजानं मनगट धरलं.

"मावशी, तुमी इथंच बसा."

"मला बसवायला निघालास? तू आदी नीट उभा ऱ्हा!"

ऊन कपाळावर आलं तेव्हा ती माथ्यावर पोचली. हीच ती जागा. खाली खोल दरी, आणि कड्याच्या पोटात काळ्या सुपाएवढं आग्या मोहोळ. त्याच्या खाली दोन पुरुष खोल ती चामडी पेटी, उन्हात झुलत होती.

गजानं खिशात हात घातला, काढला, पुन्हा घातला. अखेर त्यानं एक चामडी तुकडा तिच्या हातावर ठेवला. सदूच्या हातात राहिलेला, तुटलेल्या पट्ट्याचा तुकडा.

इंदूबाईनं तो जरासा वाकवला. कट्! पापडासारखा मोडला. तिनं नाकाशी नेला. धुराचा वास.

श्रावणात पट्ट्याला बुरशी धरली होती. चुलीवरच्या धुरात तिनंच तो टांगला होता. बियाणं टांगायचं तिथं, मिरच्यांच्या शेजारी, भाद्रपद संपेपर्यंत. सदू म्हणाला होता, "आई, आच लागून कातडं करपंल." आणि ती म्हणाली होती, "पन्नास पावसाळे काढलेत मी. मला शिकवू नको!" तो हसला होता. आईला कोण शिकवणार?

तिनं मोडलेले दोन्ही तुकडे पदराला बांधले.

"मावशी," नागू हळूच म्हणाला, "आमच्या घरची रीत हाय. मधाला उतरताना दोर मेव्हणा धरतो. भैनीचं कुंकू त्याच्या हातात असतं, म्हणून तो सोडत नाय. आज मेव्हणा संगं नाय."

"तुझी बायकू मोती मला भैनीसारखी," इंदूबाई म्हणाली. "मी धरते."

दोराचा एक वेढा अंजनाच्या बुंध्याला घातला. पुढे इंदूबाई, मागे गजा. नवार नागूच्या गळ्यात न घालता तिनं एका खांद्यावरून दुसऱ्या काखेखाली तिरकी घातली आणि ओढून बघितली. नागू कडेवरून खाली गेला.

एक हात. दोन हात. मोहोळाला वळसा. दोर करकरला.

"गावली!" खालून आरोळी आली. "बांधली! वढा!"

ओढू लागली दोघं. तळहात सोलत होते. अर्ध्यावर दोर थांबला. पुन्हा ओढला. हलेना!

"काय झालं रं?"

"पेटी कपारीत अडाकली! पट्टा काखेत आवळलाय, निघत नाय!" आणि मग वेगळाच आवाज, "माश्या! मावशी, माश्या उठल्या!"

गजाला दोर देऊन इंदूबाई पोटावर सरपटत कडेला गेली. नागूच्या डोक्याभोवती काळी वावटळ फिरत होती. कॅमेरा खाली खेचत होता, दोर वर. मधे नवार. तुटायचं नाव नव्हतं तिचं! तीन तीन टाके तिनंच मारले होते.

"पट्टा काप!"

"मावशी, सदूचं तोंड हाय त्यात!"

"तुझं तोंड मोतीला काय चादरीत गुंडाळून दावू? काप म्हणते ना!"

कोयता चमकला. एका घावात नवार अर्धीच कापली गेली. दुसरा घाव. तिसरा! पट्टा सुटला. कॅमेरा निघाला, कड्यावर आपटला, पेटी उघडली. आतलं रीळ सुटून लांबच लांब झालं, उन्हात लकाकलं, आणि खालच्या झाडीत गेलं.

इंदूबाईनं ते शेवटपर्यंत पाहिलं नाही. ती परत दोरावर होती. "वढ, गज्या! वढ!"

नागू वर आला तेव्हा त्याचे डोळे सुजून बंद झाले होते. तिघं कारवीत घुसून कांबळ्याखाली दडली. घोंगावणं थांबल्यावर इंदूबाई नखांनी त्याच्या गालांतले काटे उपसू लागली.

"हलू नको! मध काढणारा म्हणं, आन् माश्यांना भितो."

"मावशी, माफी करा."

"गप ऱ्हा." एक काटा निघाला. मग मागे न बघता तिनं विचारलं, "गज्या, कसा दिसत व्हता रं तो? फोटू काढताना?"

गजानं कांबळं खाली ठेवलं. "उन्हाकडं तोंड व्हतं. डोळे बारीक केले व्हते. म्हणाला, 'लवकर दाब. न्हायतर आई म्हणंल, फोटूतबी आळशावानी उभा हाय.'"

इंदूबाईला हसू फुटलं. ते हसू अर्ध्यातच मोडलं, आणि नागूच्या सुजलेल्या गालावर हात ठेवून ती ओरडून रडली. डोंगरानं ऐकलं. वाडीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

दिवेलागणीला ती घरी पोचली. ओसरीवर बाज उलटीच पडली होती, मधे एका पट्टीची फट. नागूच्या अंगावर राहिलेली नवार तिनं टाके उसवून सरळ केली आणि फटीत घातली. एका बाजूला बांधली. दुसऱ्या बाजूकडे ओढली, गुडघा लावून पुन्हा ओढली.

वीतभर कमी पडत होती; तेवढी कॅमेऱ्याबरोबर दरीत गेली होती.

तिनं तिला दुसरा तुकडा जोडला नाही. हातातलं टोक तेवढं अलगद खाली सोडलं.