बेचाळिसावा दिवस

उडत्या माणसाचा सिनेमा पूर्ण झाला, तुफान चालला, आणि बक्षीस घेताना दिग्दर्शकाने एवढं लांबलचक भाषण ठोकलं की शेवटी माईक बंद करावा लागला. यातलं काहीही घडलं नाही. शूटिंगच्या एकेचाळिसाव्या दिवशी वायर तुटली, दिग्दर्शक तीस फुटांवरून खाली आला आणि कंपनीने सिनेमा गुंडाळला.

दिग्दर्शक म्हणजे संकलक बाईंचा सख्खा मोठा भाऊ. तो तिला कात्री म्हणायचा. त्याचा एक हट्ट होता: हिरोला वायरवर चढवण्याआधी घरचं माणूस लटकवून बघायचं. घरची माणसं दोनच. रोज सकाळी कात्री नाणं उडवायची, 'छापा' म्हणून मोकळी व्हायची आणि हरलेला दादा मुकाट हिरोची केप पाठीला बांधायचा. एकेचाळीस दिवस तोच हरला. "नशीबच फुटकं माझं," म्हणत पोट आत घ्यायचा. वर गेला की वाळत घातलेल्या सतरंजीसारखा दिसायचा.

आता कंपनीला दुसऱ्या सिनेमासाठी जागा हवी होती. कात्रीला संध्याकाळपर्यंत सगळं फुटेज पुसायचं होतं. भर दुपारी, एसीच्या गारठ्यात तिने एकेचाळीस फोल्डर पुसले. चहा पिऊन आली तर समोर बेचाळिसावा.

"कोणी आलं होतं का हो?" तिने मशीन सांभाळणाऱ्या काकांना विचारलं.

"चोरायला लोक येतात, मॅडम. ठेवायला कोण येतंय?"

तिने फोल्डर उघडला. क्लॅपच्या पाटीवर दिवस बेचाळीस. हिरो उडाला, बरा उडाला. फ्रेमबाहेरून दादा ओरडला, "कट! केपला इस्त्री कोण करणार, माझा बाप?"

तिने तारीख पाहिली. त्या तारखेला अख्खं युनिट दादाला घेऊन स्मशानात होतं. क्लॅप देणाऱ्याने तर खांदा दिला होता.

त्रेचाळीस. पन्नास. साठ. फोल्डर येतच होते. दादा वाळत चालला होता. ओरडणंही बंद झालं होतं.

एकसष्टाव्या दिवशी कॅमेरा चुकून चालू राहिला होता. दादा ट्रंकेवर बसला होता, मांडीवर केप.

"साहेब, दोन घास खाऊन घ्या," हिरो म्हणाला.

"एकेचाळिसाव्या दिवशी तिला तिचं नाणं सापडेना. मी माझं दिलं."

"साहेब, पुरे आता."

"चाळीस दिवस हरलो रे. त्या दिवशी पहिल्यांदा जिंकलो. आणि कात्री वर चढली."

शेवटच्या फोल्डरमध्ये श्रेयनामावली होती.

संकलन, या शब्दापुढे तिचं नाव. नावाभोवती काळी चौकट.

कात्रीने खिशातलं नाणं काढलं. उलटलं. पुन्हा उलटलं.

मग कंपनीचा फॉर्म ओढून घेतला.

'विषय: एकेचाळिसाव्या दिवसाचे पुनर्चित्रीकरण. सदर दिवशी खाली सही करणारी वायरवर चढेल. दिग्दर्शकांनी जमिनीवरच थांबावे. निर्णय होईपर्यंत बेचाळिसाव्या दिवसापासूनचे फुटेज पुसू नये. नाणे कंपनीने पुरवावे. माझ्याकडील नाणे शूटिंगच्या नकली सामानाच्या पेटीतले असून त्याच्या दोन्ही बाजूंना छापाच आहे. तरी परवानगी मिळावी, ही विनंती.'