आप्पांच्या बाजूची काच

आप्पांना अर्धांगवायू झाला आणि त्यांच्या माशांच्या टाकीचं लचांड थोरल्या मुलीच्या गळ्यात पडलं. पलंगावर आप्पा, समोर टेबलावर टाकी, आणि दिवसभर थोरली एकाला भरवतेय, दुसरीत दाणे टाकतेय. माशांचं तिला उभ्या जन्मात कौतुक नव्हतं. पण आप्पांची वाचा गेली होती, हातपाय गेले होते. शाबूत होती ती नजर, आणि ती सतत टाकीवर. म्हणून काचेवर दोऱ्यासारखे पांढरे किडे वळवळायला लागले तेव्हा ती तडक दुकानात गेली.

"खायला जास्त घालताय," दुकानदार म्हणाला. "उरलेलं कुजतं, त्यावर हे पोसतात. औषधानं मासे दगावतील. ही गोड्या पाण्यातली कोळंबी न्या. जरा हात आखडता घ्या, म्हणजे किडे फस्त करेल."

"आणि माशांना खाल्लं तर?"

"जिवंताला तोंड लावत नाही ती. एखादा जायचा असला, की मात्र आधीच त्याच्याजवळ जाऊन बसते. कसं कळतं कोण जाणे."

तिने नखाएवढी लालसर कोळंबी, दहा-बारा, आणून टाकीत सोडली. बघता बघता काच लख्ख झाली. आप्पांच्या ओठाचा कोपरा हलला तेव्हा थोरलीला भरून आलं.

मग एका सकाळी सगळीच्या सगळी कोळंबी आप्पांच्या बाजूच्या काचेला येऊन बसली. मिशा पलंगाकडे.

उजेडामुळे असेल, असं म्हणून तिने पडदा ओढला. फरक पडला नाही. पलंगाला चाकं होती. तिने तो दुसऱ्या भिंतीला लावला, पाणी आणायला आत गेली, परत आली. कोळंबी त्या बाजूला गेली होती. तिने मूठभर दाणे टाकले. मासे तुटून पडले, कोळंबी ढिम्म. उचलून फेकून द्यावी असं दहादा मनात आलं. पण मग आप्पांचं आपल्याला कळणार कसं?

तिच्या जिवाची नुसती घालमेल. हे ना डॉक्टरला सांगण्यासारखं, ना भावाला. त्याने वेड्यातच काढलं असतं. शेवटी तिने खुर्ची ओढली आणि टाकी आणि पलंग यांच्या मधोमध बसली.

"माझ्या बापाकडे बघायचं नाही," ती काचेला म्हणाली. "बघायचंच असेल तर माझ्याकडे बघा."

स्वतःचंच तिला हसू आलं.

त्यानंतर आप्पा सुधारायला लागले. बोटं हलली. डॉक्टरही चकित झाले. थोरली खुर्ची सोडेना.

आणि एका दुपारी आप्पा बोलले. जड जिभेने, पण स्पष्ट.

"थोरले, बाजूला हो."

तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. "अहो आप्पा, बोललात की तुम्ही." ती उठून खिडकीपाशी गेली.

"तिथून पण."

"बरं बाई." हसत, डोळे पुसत ती स्वयंपाकघराच्या दारात गेली. "आता?"

आप्पा तिच्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर टाकीवर होती, आणि कोळंबीच्या मागोमाग ती खिडकीकडच्या काचेवरून सावकाश दाराकडच्या काचेकडे सरकत होती.