न काढलेला आवाज

"सगळ्या गावाचे पंखे दुरुस्त केलेत बाबा, आणि आईच्या खोलीतली ही टकटक तेवढी तुम्हाला काढता आली नाही…"

मुलाने टेबलफॅन आडवा घालून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, तेव्हा दारात उभा असलेला बाप झटकन पुढे आला. तिला जाऊन महिनाही झाला नव्हता… लोकांनी टाकून दिलेले मिक्सर आणि इस्त्र्या त्याने आयुष्यभर चालत्या केल्या, आणि पोटच्या पोराच्या नजरेत मात्र तो आजारी बायकोसाठी नवा पंखा न आणणारा कंजूष ठरला होता!

"राहू दे रे," तो म्हणाला. "चालतोय आहे तसा."

"अकरा वर्षं तिलाही असंच चालवून घ्यायला लावलंत तुम्ही."

खरं कारण त्याला सांगता येत नव्हतं. तिला शब्दच दिला होता तसा…

मुलाने मागचं झाकण उघडलं आणि त्याचा हात थांबला. पंख्याची मान वळून जिथे टक् वाजायचं, तिथे पत्र्याची एक पट्टी होती, दोन बारीक स्क्रूंनी नीट बसवलेली, कडा घासून गुळगुळीत केलेली.

"बाबा, हा बिघाड नाहीये. हे तुम्ही बसवलंय."

म्हातारा पलंगावर बसला.

"तिला दिसत नव्हतं रे. तू कॉलेजला गेलास त्याच वर्षी नजर गेली. पंखा दाराशी असायचा, आवाजाच्या रोखाने ती दारापर्यंत यायची. थंडीत पाती काढून नुसती मान फिरवत ठेवायचो… तुला कळलं तर आधी शिक्षण, मग नोकरी सोडून येशील, म्हणून तिने शपथ घातली होती मला."

"पण मी सुट्टीत येऊन फोटो दाखवले की छान आलेत म्हणायची…"

"तुझा आवाज खूश वाटला की म्हणायची."

मुलाने पट्टीचे स्क्रू पुन्हा घट्ट पिळले, झाकण लावलं, पंखा दाराशी ठेवून चालू केला, आणि पलंगापाशी जाऊन डोळे मिटून घेतले. टक्… टक्… चाचपडत निघालेला तो चौथ्या पावलाला खुर्चीवर आदळला.

"डावीकडून ये," दाराशी जाऊन उभा राहिलेला बाप सवयीने म्हणाला, आणि तिच्यासाठी रोज पुढे करायचा तोच हात त्याने पुढे केला.

मुलाने हात धरला, पण डोळे उघडले नाहीत.