'कॅलिस्टा'च्या लोखंडातली दिशा

वेळणे किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत 'कॅलिस्टा'च्या गंजक्या लोखंडाचे दोन तुकडे टेबलावर होते आणि डॉ. भार्गवी टिपणीस भयंकर भडकल्या होत्या. तपासणी पुरी व्हायच्या आधीच संग्रहालय समितीचे अध्यक्ष श्रीधर खवणेकर यांनी फलक कोरायला टाकला होता! मजकूर काय, तर इंग्रजी अमदानीतली ही मालवाहू आगबोट तुफानात सुकाणू धरणारा सुखाणी गोविंद कुबल याने हलगर्जीपणाने किनाऱ्यावर घातली. चौकशीत गोऱ्या कप्तानानं तसं सांगितलं, कंपनीनं मान डोलावली, झालं. तेव्हापासून कुबलांच्या घरातल्या कुणालाही या गावानं सुकाणूला हात लावू दिला नाही. गोविंदची पणती रेवती तिथेच उभी होती. तिच्या मुलीनं नौकानयनाची परीक्षा पहिल्या नंबरानं पास केली होती, तरी एकही ट्रॉलर तिला घेईना. त्यात हा फलक लागला की संपलंच.

खवणेकरांनी घड्याळाकडे बघत विचारलं, की बोट किनाऱ्यावर घातली कुणी, तेवढं सांगा.

"लोखंडाला जबर घाव बसला, की त्या क्षणी पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा त्यात पक्की होते," भार्गवी म्हणाल्या. "हे घावचुंबकत्व. पुढे तो तुकडा कितीही लोळला तरी घाव बसताना बोटीचं नाक कुठे होतं, ते आमचं दिशावाचक यंत्र सांगतं. हा पुढच्या टोकाचा पत्रा. नाक पूर्वेला, थेट किनाऱ्याकडे."

वाऱ्यानं ढकललं असेल, रेवती घाईघाईनं म्हणाली. पण वाहत आलेली बोट आडवी येऊन कुशीवर आपटते, भार्गवींनी सांगितलं, ही तर सरळ घुसली होती. म्हणजे सुकाणू मुद्दाम वळवलेलं. खवणेकर हसले. त्या हसण्यानं भार्गवींचं टाळकंच सटकलं.

"हसू नका. हा दुसरा तुकडा तळाचा, खडकानं फाडलेला. हा घाव बसला तेव्हा नाक दक्षिणेला, कप्तानानं ठरवलेल्या वाटेवर. तो खडक भर समुद्रात आहे. रेतीत रुतलेली बोट परत समुद्रात जाऊन खडकावर आपटत नाही, म्हणजे ती आधीच फुटली होती. बुडायच्या आत गोविंद कुबलनं ती रेतीवर आणली."

रेवती खवणेकरांकडे वळली.

"श्रीधरदादा, तुमचो पणजो त्याच बोटीर कोळसो घालणारो ना? घराक कसो इलो तो?"

चालत, खवणेकर पुटपुटले. चालतच आले होते सगळे खलाशी, गुडघाभर पाण्यातून. त्यांचीच नातवंडं-पतवंडं आज समितीवर बसून कुबलांना नावं ठेवत होती.

फलकावरून गोविंदचं नाव काढून टाकतो, असं खवणेकर मान खाली घालून म्हणाले, तशी रेवती उसळली.

"नाव काढू नकात. गोविंद कुबलान बोट किनाऱ्यार घातल्यान, ह्या असांच ऱ्हवांदे. खाली त्या बोटीसून चलत घराक इलेल्यांची नावां घाला. पयला तुमच्या पणज्याचा."