मापाचा आठवा कपडा

जैतूनच्या गळ्यात सोन्याची साखळी असो नसो, मापाचा टेप असायचाच. आखातातल्या मेसईदच्या कंपनी वसाहतीत त्यांचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. पुढची खोली तिच्या शिलाई मशीनची, मागची संसाराची. नवरा हमीद कंपनीची मेसईद-दोहा बस चालवायचा आणि ही बाई रत्नागिरीहून आणलेल्या मशीनवर अख्ख्या वसाहतीचे कपडे शिवायची. कोणी तिच्यासमोर भुताखेताच्या, करणीच्या गोष्टी काढल्या की म्हणायची, "टेप लावून दाखव, मग मानते."

माप घेण्याची तिची रीत चारचौघा शिंप्यांसारखीच. उजवा हात मोजायचा, बाहीचा एकच कागद कापायचा आणि त्याच्यावर दोन्ही बाह्या बेतायच्या. माणसाचा उजवा मोजला की डावा आलाच, वेगळा मोजायचा कशाला? एकच गोष्ट ती न मोजता करायची. डाव्या बाहीच्या आतल्या दुमडीत एक लाल टाका घालायची. आईनं शिकवलेलं. का घालायचा, ते आईलाही ठाऊक नव्हतं. पण त्या टाक्यावरून जैतून आपल्या हातचा कपडा हजारांत ओळखायची.

सत्त्याहत्तर साली दोह्यात नवं विद्यापीठ सुरू झालं, त्या ऑक्टोबरात हमीद एक गाठोडं घेऊन घरी आला. मुलींच्या वसतिगृहात सितारा नावाची श्रीवर्धनची बाई आया होती, तिनं पाठवलेलं. शुक्रवारी सितारा स्वतःच आली आणि चहात बिस्किट बुडवत तिनं सगळी हकिगत सांगितली.

वसतिगृहात लांबलांबच्या मुली होत्या. कोणी दुखानची, कोणी बहरैनची, दोघी ओमानच्या. घराबाहेर कधी पाऊल न टाकलेल्या. पहिला महिना नुसती रडारड. मग त्यांच्यातल्या सात जणी एका खोलीत बसल्या आणि त्यांनी शपथा घेतल्या, की आजपासून आपण सख्ख्या बहिणी. अखवात म्हणवून घ्यायला लागल्या, म्हणजे बहिणीच. एकमेकींना नावानं हाक मारायची नाही, नंबरानं मारायची. एक शिकून बाहेर पडली की तिच्या नंबरावर नवी घ्यायची. दरवर्षी ऑक्टोबरात सगळ्यांना एकसारखे हिरवे पायघोळ झगे, आणि ते घालून गच्चीवर हातात हात धरून गोल उभं राहायचं.

"वॉर्डनबाईनं आधी डोळे वटारले," सितारा म्हणाली, "पण रडणं थांबलेला बघून तिनं कानाडोळा केला. एक मात्र हाय जैतूनबी, बाही मनगटाच्या हाडावर बरोबर टेकली पायजे. पहिल्यांदा घातल्यावर टेकली तर बहीण, नाय टेकली तर नाय. गच्चीवर उभं राहण्याआधी उसवून परत शिवायची रीत नाय त्यांच्यात."

"मोठ्या घरच्या पोरी आणि खेळ भातुकलीचे!" जैतून हसली.

परक्या शिंपिणीसमोर उभं राहायला त्या मुली लाजत होत्या, म्हणून प्रत्येकीनं मापाला एक जुना कपडा दिला होता. जैतूननं गाठोडं सोडलं. झगे सात शिवायचे होते. कपडे आठ निघाले.

आठवा होता एक हिरवा झगा, धुऊन धुऊन रंग उडालेला. जेमतेम तेरा वर्षांच्या पोरीला होईल एवढाच. जैतूननं सवयीनं डावी बाही उलटली. आत लाल टाका होता.

आता तुम्ही म्हणाल, तिथंच तिला घाम फुटायला हवा होता. पण तशी घाबरणारी नव्हे ती. कोकणातली दुसरी कोणी बाई घालत असेल असा टाका, असं मनाशी म्हणून तिनं सिताराला निरोप पाठवला की एक कपडा चुकून जास्त आलाय. उलटा निरोप आला: चुकून नाय, आठव्या बहिणीचा पण शिवा. असेल कोणाची धाकटी बहीण, असं म्हणत तिनं शिवला.

पुढल्या ऑक्टोबरात आठवीच्या मापाला जो झगा आला, तो जैतूननं स्वतः आदल्या वर्षी शिवलेला होता. त्याचा रंग मात्र वीस वर्षं वापरल्यासारखा गेला होता. शिवणी उसवून तो सगळीकडून वाढवला होता, उंचीला दोन इंच. तिसऱ्या वर्षी आणखी दीड इंच. कॉलेजातली पोर अशी भेंडीसारखी वाढते होय?

त्याच वर्षी ईदच्या आधी तिनं स्वतःच्या लेकीचं माप घेतलं. मुनीरा तेव्हा पंधराची होती. कागद कापून टेबलावर ठेवला, शेजारी आठवीचा कागद पडलेला होता, आणि सहज म्हणून तिनं एकावर एक ठेवले. खांदा खांद्यावर बसला. काखेचा मुंढा मुंढ्यावर बसला. बाहीला सुताचाही फरक नव्हता.

जैतूननं दोन्ही कागद उचलून उजेडाला धरले. मुनीरा बाजूलाच जमिनीवर बसून गृहपाठ करत होती आणि पेन्सिल चावत होती.

दुसऱ्या दिवशी ती हमीदच्या बसनं दोह्याला गेली. सितारानं तिला वरच्या मजल्यावर नेलं. खोली स्वच्छ होती, कपाटाला उदाचा वास होता, एसी घरघरत होता. नूरा नावाची दुखानची मुलगी या बहिणींची पुढारीण. फार गोड पोर. तिनं जैतूनला आग्रहानं खजूर दिला.

"तुम कितनी बहनें हो, बेटी?" जैतूननं विचारलं.

नूरानं बोटं मिटत अरबीत आकडे मोजले. सात बोटं मिटली. उरलेली तीन तशीच उघडी राहिली. मग तिनं वर बघून हसत मोडक्या हिंदीत सांगितलं, "आठ."

"आठवी कौन?"

"आती है, खाला. अभी छोटी है."

खोलीत आठ पलंग होते. कोपऱ्यातल्या आठव्यावर चादर कडक घातलेली होती, पण उशीला खळगा पडला होता. जैतूननं येताना सिताराला त्या पलंगाबद्दल विचारलं. सितारा म्हणाली, "मी रोज उशी झटकते, बाय. तुमी मला काय विचारू नका."

घरी येऊन तिनं हमीदला सांगायचा प्रयत्न केला. सांगता सांगता तिलाच ते खुळ्यासारखं वाटायला लागलं. कागदावर कागद बसला, एवढंच तर होतं सांगण्यासारखं.

ब्याऐंशी साली मुनीराला त्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला. परक्यांच्या मुलांसाठी थोड्या जागा होत्या, त्यात तिचा नंबर लागला. हमीदचे पाय जमिनीवर ठरेनात. स्वतः चौथी नापास माणूस. जो भेटेल त्याला बस थांबवून सांगत सुटला. हमीदच्या बसची वेळ वर्गांच्या वेळेशी जुळत नव्हती, म्हणजे वसतिगृह आलंच.

"नका पाठवू तिला तिथं," जैतून म्हणाली. "गावाला कॉलेज हाय. माझ्या भावाकडं राहील."

"तुला काय झालाय काय? लोकांच्या पोरी पोचवून पोचवून माझे केस पांढरे झाले. आता माझी पोर जाते तर तू आडवी येतेस?"

लेक तर तिला हवी होती, जशी आहे तशी, आपली. एवढंच तिचं मागणं होतं. शेवटी तिनं मुनीराचे दोन्ही हात धरले आणि त्या बहिणींमध्ये न जाण्याचं वचन घेतलं.

"प्रॉमिस, अम्मी," मुनीरा म्हणाली. "आय वोन्ट जॉइन. तू रडतेस का पण?"

ऑक्टोबरात गाठोडं आलं. सात कपडे मापाचे, आणि आठवा मुनीराचा पिवळा कुर्ता, जैतूननंच ईदला शिवलेला. खिशात चिठ्ठी होती, मोडक्यातोडक्या मराठीत. 'अम्मी सॉरी. मला खूप एकटा वाटत होता. त्या चांगल्या आहेत. माझा छान शिव.'

जैतूननं चिठ्ठी घडी करून मशीनच्या खणात ठेवली. शिवायचाच नाही म्हटलं तर दोह्यात शिंप्यांना तोटा नव्हता. झगा कोणीही शिवून देईल आणि तो लेकीला नीट बसेल. आणि मग तिला सिताराचं बोलणं आठवलं. नाय टेकली तर नाय.

तिनं कागद ठेवला, खडूनं रेघ मारली, आणि डाव्या बाहीला दोन बोटं आत दुसरी रेघ मारली. उजवी बाही अगदी मापात ठेवली, म्हणजे हातून चूक झाली असं वाटेल. उभ्या जन्मात तिनं मुद्दाम वाकडं कापलं नव्हतं. कात्री घातली तेव्हा तिचा हात थरथरत होता, पण मन खूश होतं. होऊ दे पोरीचा हिरमोड. चार दिवस रुसेल आणि विसरेल. सवयीनं तिनं लाल टाकाही घातला आणि गाठोडं हमीदच्या हवाली केलं.

ते चार दिवस तिनं नमाजात एकच दुआ मागितली, की बाही टेकू नये.

गुरुवारी दुपारी बसचा हॉर्न वाजला. जैतून दारात आली. उन्हात डोळ्यांवर हात धरून तिनं पाहिलं. हमीदच्या मागून मुनीरा उतरत होती.

अंगात हिरवा झगा होता.

"अम्मी!" ती धावत आली आणि गळ्यात पडली. "परफेक्ट बसला. सगळ्या म्हणाल्या, इतका परफेक्ट कोणाचाच नाही."

जैतूननं तिला दूर धरलं. उजवी बाही मनगटाच्या हाडावर टेकली होती.

डावीही टेकली होती.

"उसवून वाढवलास?"

"नाही गं. उसवत नाहीत."

जैतूननं बाही उलटली. दुमड तिचीच, टाका तिचाच, लाल. तिनं गळ्यातला टेप काढला.

"हात सरळ कर."

उजवा एकवीस इंच भरला.

मग आयुष्यात पहिल्यांदा तिनं डावा हात मोजला. साडेएकोणीस. तिनं टेप पुसला, परत लावला. साडेएकोणीस.

"अम्मी, व्हॉट आर यू डुइंग?" मुनीरा हसली. "यू नो इट्स शॉर्ट. जन्मापासून आहे."

हमीद चपला काढत होता. जैतूननं त्याच्याकडं पाहिलं.

"हिचा हात," ती म्हणाली. "अवो, हिचा हात बघा."

"काय बघू? खुळावलीस काय गो?" तो म्हणाला. "चाळिसाव्या दिवसाचा झबला शिवताना तूच नाय का रडत होतीस? मी बोललो होतो तेव्हा, अल्लानं दिलाय तसाच घे."

तिला तसं काही आठवत नव्हतं. तिला आठवत होतं ते दोन्ही हातांनी पदर धरून उभं राहिलेलं, धडधाकट पोर.

ती मागच्या खोलीत गेली आणि तिनं पेटी ओढली. तळाशी झबलं होतं, मलमलचं, पिवळं पडलेलं. तिनं ते मांडीवर पसरलं. डावी बाही दोन बोटं आखूड होती. लाल टाका जागच्या जागी होता. तिनं शाळेचे फ्रॉक काढले, ईदचे कुर्ते काढले. एकूण एक कपडा तसाच होता.

पेटीच्या कोपऱ्यात मापाच्या कागदांची गुंडाळी होती, साल लिहून, सुतळीनं बांधलेली. सगळ्यात जुनी, मुनीराच्या जन्मसालची गुंडाळी तिनं सोडली. बाहीचा कागद एकच असणार, ही तिची रीत होती.

कागद दोन निघाले.

दुसऱ्या कागदाच्या कडेवर, बरोबर दोन बोटं आत, कापलेली रेघ मध्येच थरथरली होती. नीट बघितलं तर कळत होतं, की कापणारीचा हात थरथरत होता.

"अम्मी," बाहेरून मुनीरानं हाक मारली, "पुढच्या वर्षीच्या मापाला हाच झगा ठेवून जाऊ ना?"